शंकासुर नुसता उंच वाढतोय, फुलत नाही: काय करावं?

तुम्ही विचारलेलं आधी एका जागी आणते, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. बियांपासून केलेला शंकासुर तीन वर्षांचा झालाय, डोक्याच्या वर गेलाय, खालून नुसत्या काठ्या दिसतात आणि तुरे येतात ते दोन-चार, तेही पार शेंड्याला. दर महिन्याला खत चालू आहे. छाटायची भीती वाटते, मेलं तर काय म्हणून. त्याखेरीज चार उपप्रश्न आहेत: शेंगवर्गातलं झाड म्हणून शेजारच्या गुलाबांना त्याच्यापासून नत्र मिळतं का, पिवळ्या फुलांच्या झाडाचं बी लावलं तर पिवळंच येईल का, संध्याकाळी पानं मिटतात हा रोग आहे का, आणि घरात लहान मूल असताना हे झाड ठेवावं का.

मुख्य प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. खत थांबवा आणि कात्री हातात घ्या. झाड मरणार नाही.

शंकासुराचा तुरा नव्या फुटव्याच्या टोकाला येतो. जुन्या लाकडावर, फांदीच्या मध्यावर किंवा बुंध्यावर तो येत नाही. ही एक गोष्ट पक्की लक्षात घेतली की अर्धे प्रश्न आपोआप मिटतात. तुमच्या झाडाला तीन-चार काठ्या आहेत, म्हणजे तीन-चारच टोकं आहेत, म्हणून तुरेही तेवढेच. तुरा संपला की त्याच्या लगेच खालचे एक-दोन डोळे (फांदीवरचे सुप्त अंकुर) फुटतात, तिथून नवी फांदी आणखी वर जाते आणि पुढचा तुरा तिच्या टोकाला लागतो. न छाटलेलं झाड अशा रीतीने दर बहराला फूल एक पायरी वर नेतं आणि खालचा भाग उघडा टाकत जातं. खालचे डोळे मेलेले नसतात. वाढता शेंडा ऑक्सिन नावाचं संप्रेरक खाली पाठवत राहतो आणि त्या दाबाखाली ते निपचित पडून असतात. शेंडा काढला की दाब सुटतो आणि जिथे एक काठी होती तिथे तीन-चार फुटवे येतात. प्रत्येक फुटवा म्हणजे एक टोक आणि प्रत्येक टोक म्हणजे एक तुरा. फुलांचा सगळा हिशेब एवढाच आहे.

पण कात्री लावण्याआधी ऊन तपासा, कारण सावलीतल्या शंकासुराला कितीही छाटलं तरी तो पुन्हा काठ्याच काढतो. दिवसातून निदान सहा तास थेट ऊन पडलं पाहिजे. भिंतीवरून परावर्तित होणारा उजेड यात धरू नका. ऊन कमी पडतंय का हे झाडच सांगतं. दोन पानांमधलं अंतर वाजवीपेक्षा लांब असेल, सगळ्या फांद्या एकाच बाजूला झुकल्या असतील, पर्णिका (एका पानातली लहान लहान पानं) मोठ्या, पातळ आणि गडद हिरव्या असतील तर कमतरता उजेडाची आहे. अशा वेळी वरचं सावली करणारं झाड विरळ करता येत असेल तर आधी ते करा. तेही शक्य नसेल तर या जागी शंकासुराचा हट्ट धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता छाटणी. वेळ निवडायची ती नवी पालवी सुटायच्या तोंडावर. जिथे थंडी पडते तिथे थंडी ओसरल्यावर आणि जिथे वर्षभर उबदार हवा असते तिथे पावसाचा हंगाम सुरू व्हायच्या थोडं आधी. थंडीच्या तोंडावर कधीही नको. छाटल्यावर कोवळे फुटवे येतात आणि गारठ्याचा पहिला तडाखा त्यांनाच बसतो. कडक थंडीच्या भागांत तर हे झाड जमिनीपर्यंत जळून जातं आणि ऊब आली की मुळातून पुन्हा फुटतं. निसर्ग जी छाटणी अशी आडदांडपणे करतो ती तुम्ही नीट कराल, तर झाड ती सहज सोसतं.

उंची किती ठेवायची? झाड तजेलदार असेल, साल घट्ट असेल तर जमिनीपासून ३० ते ४५ सेंटिमीटर. हो, डोक्याच्या वरचं झाड गुडघ्याला आणायचं. बहुतेक जण इथेच कच खातात आणि शेंड्याचे वीतभर तुकडे उडवून समाधान मानतात. मग फुटवे वरच येतात, खालच्या काठ्या तशाच राहतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा हाच प्रश्न. झाड आधीच अशक्त असेल, फांद्या वाळत असतील, तर मात्र एकदम सगळं कापू नका. पहिल्या वर्षी तिसरा हिस्सा, सगळ्यात जुन्या फांद्या निवडून खाली आणा आणि उरलेल्या पुढच्या दोन वर्षांत. फांदी जिवंत आहे की नाही कळत नसेल तर नखाने साल किंचित खरवडा. आत ओलसर हिरवं दिसलं तर जिवंत. तपकिरी आणि कोरडं दिसलं तर खाली सरकत जा, हिरवं लागेपर्यंत.

हातमोजे घाला. शंकासुराच्या फांद्यांवर बारीक काटे असतात, ते पानांच्या गर्दीत दिसत नाहीत आणि मनगटावर ओरखडे उठले की कळतं. बोटाएवढ्या फांदीला साधी बागेची कात्री पुरते, त्याहून जाड फांदीला करवत वापरा. कात्रीने चिरडून काढलेली जाड फांदी तडकत खाली वाळत जाते. काप डोळ्याच्या साधारण सेंटिमीटरभर वर, किंचित तिरका. निवडलेला डोळा झाडाच्या बाहेरच्या बाजूला तोंड करून असावा, म्हणजे फुटवा बाहेर जाईल आणि मधे हवा खेळेल. जुन्या लाकडावर डोळे नीट दिसत नाहीत. तिथे फार शोधत बसू नका, सरळ कापा. फुटवा आला की त्याच्यावर उरलेला वाळका खुंट काढून टाका.

छाटल्यानंतर एक चूक हमखास होते: झाडाला धक्का बसला असेल म्हणून लोक भरपूर पाणी आणि खत घालतात. पानंच नाहीत तर पाणी उडणार कुठून? ते मुळांशी साचतं आणि मुळं कुजतात. वरचा बोटभर थर कोरडा झाला की पाणी द्या, तोवर नको. हवा उबदार असेल तर तीन-चार आठवड्यांत खोडावर लालसर-हिरवे कोंब दिसू लागतात. ते पुष्कळ येतात. त्यांतले पाच ते सात जोमदार आणि एकमेकांपासून अंतरावरचे ठेवा, बाकीचे कोवळे असतानाच बोटाने मोडून टाका. ठेवलेले फुटवे वीत-दीड वीत झाले की त्यांचा शेंडा खुडा. याने पहिला बहर काही आठवडे लांबतो, पण टोकं दुप्पट-तिप्पट होतात. पहिल्या वर्षी हा धीर धरावाच. नंतर दरवर्षी इतकी कडक छाटणी लागत नाही, एक तृतीयांश ते निम्मी उंची कमी केली की पुरतं.

जाता जाता सांगते, शंकासुराचं कुंपण करायला हरकत नाही, रोपांत एक ते दीड मीटर अंतर ठेवलं की छान भरतं. पण त्याला दर पंधरवड्याला कातरून भिंतीसारखं सपाट करायचं असेल तर दुसरं झुडूप निवडा. तुरा टोकाला येणार आणि तुम्ही टोकंच कातरत राहणार, मग वर्षभर नुसता काटेरी पाला बघायचा.

खताकडे येऊ. दर महिन्याचं खत म्हणजे बहुधा नत्र जास्त असलेलं मिश्रण असणार. नत्राने पाला आणि उंची वाढते, म्हणजे जे आपल्याला नकोय तेच. हे झाड मुळात हलक्या, खडकाळ, पाण्याचा निचरा होणाऱ्या जमिनीत सुखाने वाढणारं. वर्षातून एकदा, छाटणीनंतर फुटवे दिसू लागले की चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट आळ्यात चार-पाच सेंटिमीटर पसरा, खोडाला न टेकवता. जमिनीतल्या झाडाला एवढं पुरतं. कुंडीतल्या झाडाला वाढीच्या काळात अधूनमधून सौम्य, संतुलित खत द्या, कारण कुंडीतून पाण्याबरोबर सगळं वाहून जातं. फुलांसाठी स्फुरद म्हणून हाडांचा चुरा ओतायची जी पद्धत पडली आहे तिच्यात मला फारसं तथ्य दिसत नाही. जमिनीत स्फुरद पुरेसा असेल तर जास्तीचा घालून फुलं वाढत नाहीत. उलट तो साचला की झाडाला लोह आणि जस्त घेणं अवघड जातं. मग कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात आणि लोक म्हणतात, खत कमी पडलं! चुनखडीच्या जमिनीतही असंच पिवळेपण येतं. तिथे लोहाचं चिलेटेड खत (मुळांना सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) द्यावं आणि सेंद्रिय आच्छादन ठेवावं.

गुलाबांना नत्र मिळतं का, हा तुमचा प्रश्न मला आवडला, कारण यामागचा समज फार पसरलेला आहे. घेवडा किंवा वाटाण्याचं रोप उपटलं तर मुळांवर गाठी दिसतात. ताजी, काम करत असलेली गाठ चिरली तर आत गुलाबी-लालसर असते. त्यांत राहणारे जिवाणू हवेतला नत्र रोपाला वापरता येईल अशा रूपात आणतात. पण शेंगवर्गातल्या सगळ्यांच्या मुळांवर अशा गाठी येत नाहीत. शंकासुर ज्या उपकुळात मोडतो त्यातल्या पुष्कळ वनस्पतींनी हा मार्ग धरलेलाच नाही. शंकासुर त्यातलाच आणि गुलमोहरही. रोपं बदलताना मातीचा गड्डा झटकून पाहा, मुळं गुळगुळीत दिसतील. तेव्हा तुमचा शंकासुर गुलाबांना काही देत नाही. उलट त्याच मातीतून नत्र, पाणी घेतो आणि वर सावली धरतो. त्याचा गळलेला पाला आच्छादन म्हणून जरूर वापरा, पण त्यातला नत्रही तुमच्याच जमिनीतला आहे, हवेतून आलेला नाही.

फुलं कमी असण्याचं आणखी एक कारण लोकांच्या नजरेतून निसटतं, ते म्हणजे शेंगा. एखादा तुरा जवळून पाहा. फुलं खालून वर उमलत जातात, त्यामुळे शेंड्याला कळ्या बंद असताना मधे फुलं आणि तळाशी चपट्या हिरव्या शेंगा, असं सगळं एकाच दांड्यावर एकाच वेळी दिसतं. फुलाला पाच पाकळ्या. त्यांतल्या चार पसरट आणि कडेला चुणीदार, पाचवी लहान. तिचा खालचा भाग गुंडाळून अरुंद नळी झालेली असते आणि मधापर्यंत जायची वाट तीच. त्या नळीत फुलपाखराची सोंड बरोबर जाते. दहा लांब लाल पुंकेसर मात्र मधापासून दूर, फुलाच्या पार बाहेर आलेले असतात आणि स्त्रीकेसरही जवळपास तेवढाच लांब. फुलपाखरू सोंड नळीत घालून पंख फडफडवत असतं, त्या फडफडीत परागकण अंगाला कमी आणि पंखांनाच जास्त लागतात. पुढच्या फुलावर तेच पंख स्त्रीकेसराच्या टोकाला घासतात. मोठं फुलपाखरू तुऱ्यावरून उडून गेलं की त्याच्या पंखांवर पिवळसर धूळ दिसते का बघा.

सगळ्याच फुलांची शेंग होत नाही, त्याची काळजी नको. एकाच तुऱ्यात काही फुलं पूर्ण असतात आणि काहींमध्ये स्त्रीकेसर खुरटलेला, नुसतं नराचं काम करणारी. ती गळून पडणारच. पण ज्यांची शेंग धरते ती झाडाचा बराच जोर खेचून घेते. बी नको असेल तर तुऱ्यावरची बहुतेक फुलं उमलून गेली की दांडा खालच्या पहिल्या भरल्या पानाच्या वरून कापा. त्या पानाच्या बगलेतून नवा फुटवा निघतो आणि त्याला नवा तुरा. हंगामभर हे करत राहिलं तर बहर एकाला एक जोडून चालतो. माझ्या मते मोठ्या छाटणीनंतर सगळ्यात जास्त फळ देणारं काम हेच आहे, आणि ते रोज बागेत फेरी मारताना दोन मिनिटांत होतं.

आता बी आणि रंग. पिवळ्या झाडाचं बी लावलं म्हणजे पिवळंच येईल, अशी हमी देता येत नाही. फुलपाखरू रंग बघून थांबत नाही. जवळपास लाल-केशरी शंकासुर असेल तर पराग तिथून येऊ शकतो. पिवळ्या झाडाच्या आसपास दुसरा रंगच नसेल तर शक्यता वाढते, एवढंच. नक्की तोच रंग हवा असेल तर गुटी कलम करा (फांदी झाडावर असतानाच तिची साल काढून, ओलं शेवाळ बांधून मुळं आणवायची) किंवा अर्धवट पिकलेल्या फांदीची छाट लावा. छाट लागण्याचं प्रमाण या झाडात बेताचंच असतं, म्हणून एकाच वेळी बऱ्याच लावाव्यात: पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, खालची पानं काढलेली, मुळं फोडणारं संप्रेरक लावून, दमट आणि उबदार जागी, सावलीत. गुटी जास्त भरवशाची. दुसरा सोपा मार्ग म्हणजे रोपं जास्त करायची, फूल बघायचं आणि मगच कायमच्या जागा ठरवायच्या. शंकासुर बियांपासून साधारण वर्षभरात पहिलं फूल दाखवतो, त्यामुळे हे परवडतं. फक्त तोवर रोपं खोल पिशवीत ठेवा. का, ते शेवटी येईलच.

बी उगवत नाही ही तक्रार तुमची नाही, पण पुढे बी लावणार आहात म्हणून सांगते. वाळलेल्या बीचं कवच इतकं घट्ट असतं की पाणी आत शिरतच नाही. तसंच पेरलं तर काही बिया लगेच येतात, काही महिनोन्‌महिने मातीत पडून राहतात. पॉलिश पेपरवर बी घासा किंवा नेलकटरने कवचाला बारीकशी खाच पाडा. बीच्या ज्या टोकाला देठाची खूण असते ते टोक सोडून, त्याच्या उलट बाजूला, कारण कोंब त्या खुणेजवळ असतो. कवचाखालचा फिका रंग दिसला की थांबा. मग रात्रभर कोमट पाण्यात भिजत घाला. सकाळी फुगून टम्म झालेल्या बिया पेरा, जशाच्या तशा राहिलेल्यांना पुन्हा खाच द्या. बिया पुष्कळ असतील तर उकळून खाली उतरवलेलं, जरा निवलेलं पाणी ओता आणि त्यातच गार होऊ द्या. चुलीवर मात्र बिया उकळू नका. पेरणी बीच्या जाडीच्या दुप्पट खोल, निचऱ्याच्या मिश्रणात. उबेत एक-दोन आठवड्यांत उगवतात.

बी गोळा करायलाही थोडं लक्ष लागतं. पिकून काळपट-तपकिरी झालेली शेंग उन्हात एकदम तडकते, तिच्या दोन्ही फाळ्या पिळवटतात आणि बिया लांब उडतात. रंग पालटू लागला की तुऱ्यावर पातळ कापडाची पिशवी बांधा. कवच पूर्ण वाळण्याआधी, शेंग नुकती तपकिरी होत असताना काढलेलं बी लगेच पेरलं तर खाच न पाडताही बऱ्यापैकी उगवतं. शेंगा अशा उडत असल्यामुळेच उष्ण प्रदेशांत हे झाड कुठे कुठे बागेबाहेर जाऊन रानात रुजलं आहे. तुमच्या बागेला लागून मोकळं रान असेल तर शेंगा धरूच देऊ नका.

बी विकत घेत असाल तर नावाचा घोळ सांभाळा. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली या झुडपाचं नाव पॉइन्सियाना पल्चेरिमा ठेवलं, स्वार्त्झ या दुसऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७९१ मध्ये ते सिझाल्पिनिया वंशात नेलं. गुलमोहरही पूर्वी पॉइन्सियानातच होता. जुनं नाव बाजारात अजून चालतं, त्यामुळे त्या नावाच्या पाकिटातून गुलमोहरही निघू शकतो. कोवळ्या रोपांत फरक ओळखता येतो. गुलमोहराच्या पर्णिका अगदी बारीक आणि दाटीवाटीने असतात, शंकासुराच्या नखाएवढ्या, टोकाला गोलसर आणि मोजक्या. वाढत्या रोपाच्या खोडावर काटे दिसू लागले की शंका उरत नाही. तिसराही एक नातेवाईक त्याच नावाने मिळतो, दक्षिण अमेरिकेतला, सिझाल्पिनिया गिलिझाय. फुलं फिकट पिवळी, पुंकेसर लांबलचक लाल. तो शंकासुरापेक्षा थंडी बरीच जास्त सोसतो. तुमच्याकडे दरवर्षी दहिवर गोठत असेल तर त्याचाच विचार करावा.

संध्याकाळी पानं मिटतात तो रोग नाही. प्रत्येक पर्णिकेच्या बुडाशी फुगीर सांधा असतो. त्यातल्या पेशींत पाणी भरलं की पर्णिका उघडते, उतरलं की मिटते. अंधार पडला की मिटणं आणि उजाडलं की उघडणं हा रोजचा क्रम आहे. दुपारी, जमीन ओली असताना पानं मिटून लोंबत असतील तर मात्र मुळांकडे बघा. पाणी साचून मुळं कुजत असण्याची शक्यता जास्त आहे, आणि त्यावर आणखी पाणी घालणं हा उपाय नाही.

कीड फार नसते. खोडावर खवले कीड, कोवळ्या शेंड्यांवर पिठ्या ढेकूण, कोरड्या हवेत लाल कोळी. शेंडे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, लागलंच तर साबणाचं पाणी किंवा कडुनिंबाचं तेल, तेही ऊन उतरल्यावर आणि उमललेल्या फुलांवर नाही. पानं कुरतडणाऱ्या बारीक हिरव्या अळ्या दिसल्या तर सोडून द्या, त्या बहुधा लहान पिवळ्या फुलपाखरांच्या असतात. पाल्याचं नुकसान झाड चटकन भरून काढतं.

लहान मुलाचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शंकासुराच्या बिया विषारी आहेत, आणि चपट्या शेंगा सोलून आतलं काढायचा मोह मुलांना होतोच. झाड काढून टाकायची गरज नाही, पण मूल कळतं होईपर्यंत तुरे सुकताच कापत राहा, म्हणजे शेंगाच राहणार नाहीत. मुलाने बिया खाल्ल्याचा संशय आला तर घरगुती उपाय करत बसू नका, शेंग सोबत घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा. गरोदर बाईने याचा पाला, फूल, बी कुठल्याही काढ्यात घेऊ नये. निसर्गचित्रकार मारिया सिबिला मेरियन हिने दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममध्ये राहून आल्यावर १७०५ साली नोंदवून ठेवलं आहे की, तिथल्या मळ्यांवर गुलाम म्हणून राबवल्या जाणाऱ्या स्त्रिया आपलं मूल गुलामीत जन्माला येऊ नये म्हणून याच्या बिया गर्भपातासाठी वापरत. इंटरनेटवर या झाडाचे औषधी गुण मोठ्या उत्साहाने सांगितलेले दिसतील. त्यांच्या नादी लागू नका.

राहिला गुलाब आणि शंकासुर शेजारी ठेवण्याचा मुद्दा. दोघांचं जमणार नाही. गुलाबाला जेवढं पाणी आणि खत लागतं तेवढ्यात शंकासुर माजतो, आणि शंकासुराच्या मापाने दिलं तर गुलाब रोडावतो. दोघांतलं एक हलवायचं तर गुलाब हलवा. शंकासुर लहानपणीच सोटमूळ खोल सोडतो आणि तीन वर्षांचं झाड उपटून दुसरीकडे लावलं तर बहुतेक वेळा हातचं जातं. रोपं खोल पिशवीत ठेवा म्हणाले ते याचसाठी: उथळ कुंडीत सोटमूळ तळाशी गोल फिरतं आणि पुढे जमिनीत लावूनही नीट खाली उतरत नाही. कायम कुंडीतच वाढवायचं असेल तर निदान ४५ सेंटिमीटर रुंद आणि तेवढीच खोल कुंडी घ्या, तळाची भोकं मोकळी ठेवा आणि झाड मीटरभराच्या वर जाऊ देऊ नका. गुलाब हलवायला छाटणीचाच मुहूर्त धरा. दोन्ही झाडं तेव्हा कमी पाल्याची असतात आणि शंकासुराच्या मुळांना कुदळीचा धक्का लागला तरी ते सोसायला वर भार कमी असतो. खड्डा मात्र शंकासुराच्या खोडापासून हातभर लांबूनच खणायला घ्या.